दवाखान्यातले ५६ दिवस : तोंडाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

१२ फेब्रुवारीच्या केसपेपरवर माझ्या अक्षरात तीन ओळी आहेत. बीपी १४६/९०. दोन्ही गुडघे दुखतात. तोंड आलंय. तिसऱ्या ओळीसमोर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल. तपासणीत काय दिसलं याची नोंद नाही, कारण त्या दिवशी मी तोंड उघडून पाहिलंच नव्हतं.

हा कागद मी पुन्हा पाहिला तो ९ एप्रिलला. मावशींच्या सुनेने किराणा दुकानाच्या कॅरीबॅगमधून सगळं टेबलावर ओतलं. माझे दोन केसपेपर, दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलवाल्याने गोळ्यांच्या पाकिटावर पेनने मारलेल्या सकाळ-संध्याकाळच्या रेघा. मी ते तारखेप्रमाणे लावले. एका रांगेत ठेवल्यावर कळलं की ही बाई तीन महिने एकाच जखमेची तक्रार घेऊन दारोदार फिरते आहे, आणि त्यातली दोन दारं माझीच आहेत.

सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. चोवीस वर्षं झाली. या प्रकरणातल्या बाईंचं नाव-गाव देत नाही, मावशीच म्हणतो. दवाखान्यातही मी त्यांना मावशीच म्हणतो. कर्करोगावर लिहिताना आपण बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटरपासून सुरुवात करतो. पण रोगाचा पहिला आणि सगळ्यात निसरडा भाग घडतो तो आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात, सर्दी-खोकला, बीपी आणि पोटदुखीच्या गर्दीत. उपचार संपल्यावरची पाच-सात वर्षंही बरीचशी तिथेच जातात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मावशींचं वय ५८. शेतमजुरी. दारू नाही, पान नाही, गुटखा नाही. बीपीसाठी चार वर्षांपासून माझ्याकडे येतात. पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, "तंबाखू खाता का?" त्या म्हणाल्या होत्या, "न्हाई." मी तसं लिहून घेतलं. यात त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्या मिश्री लावत होत्या, आणि मिश्री कुणी 'खात' नाही. तव्यावर तंबाखू काळाकुट्ट होईपर्यंत भाजायचा, कुटून वस्त्रगाळ करायचा, छोट्या डबीत भरून कनवटीला लावायचा. सकाळी परसाकडं जायच्या आधी एकदा, जेवल्यावर एकदा, दुपारी खुरपताना कंटाळा आला की एकदा. बोटाने दातांवर घासून उरलेली चिमूट डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीलगत तशीच राहते. चौदाव्या वर्षी आजीने लावायला शिकवली ती आजतागायत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात असं आढळलं, आणि २४.४ टक्के धूर न होणारा तंबाखू वापरतात. त्या आकड्यात मावशी होत्या, माझ्या कागदावर नव्हत्या. आता मी बायकांना विचारतो, "दात कशानं घासता?" उत्तर लगेच मिळतं, आणि खरं मिळतं.

जखम केव्हा सुरू झाली हे ठरवायला वेळ लागला. मावशींना तारखा आठवत नव्हत्या, सण आठवत होते. "संक्रांतीच्या आधी आठ-धा दिस असतील, सुगडं आणायला गेल्ते तवा तिखाट लागलं की झोंबायचं." म्हणजे साधारण ५ जानेवारी. या विषयात संशोधन करणारेही आठवणींना असेच खुंटे मारतात. सण, लग्न, वाढदिवस यांच्या आधाराने पहिल्या लक्षणाचा दिवस शोधतात.

पुढचे पाच आठवडे घरगुती उपाय झाले. उष्णता वाढली म्हणून सब्जा. मग तूप, मग मध-हळद. मग मेडिकलमधून जेल. इथे मावशींना दोष देण्यासारखं काही नाही. तोंड येणं हा आजार नव्हे, अशीच आपल्याकडे सर्वांची समजूत आहे, आणि शंभरातल्या बहुसंख्य वेळा ती बरोबरही असते.

१२ फेब्रुवारीला आठवडी बाजार होता. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे बाकांवर जागा नसते. मावशी बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून आल्या होत्या. गुडघ्यांचं सांगून झालं, चिठ्ठी घेतली, उठल्या, आणि दाराशी वळून म्हणाल्या, "डाक्टर, जरा तोंड आलंय, त्येचं बी काय तरी द्या." मी चिठ्ठी परत मागितली आणि दोन ओळी वाढवल्या. जाता जाता सांगितलेली तक्रार ही बऱ्याचदा येण्याचं खरं कारण असते, हे मला ठाऊक होतं. पुढचा रुग्ण आत आला होता.

३ मार्चला त्या दाढदुखी घेऊन आल्या. केसपेपर घरी राहिला होता, म्हणून नवा केला. माझ्या दवाखान्यात तेव्हा कागद रुग्णाकडेच असायचा, आमच्याकडे काही राहायचं नाही. 'तोंड आलंय' हे त्यांनी पुन्हा सांगितलं नाही, कारण ते मला सांगून झालं होतं. डॉक्टरांना माहीत आहे असं त्यांनी धरलं. मी पदर बाजूला घ्यायला सांगितलं, टॉर्च मारला आणि समोरून पाहिलं. डावीकडची खालची शेवटची दाढ हलत होती, भोवतीची हिरडी लाल होती. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि दातांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

जखम त्या वेळी तिथेच होती. गाल आणि हिरडी जिथे मिळतात त्या खोबणीत, दाढेच्या बाहेरच्या अंगाला. समोरून टॉर्च मारून ती जागा दिसत नाही. हातमोजा घालून गाल बोटाने बाहेर ओढावा लागतो. अर्ध्या मिनिटाचं काम. आपल्या देशात मिश्री आणि तंबाखू-चुन्याची गोळी ठेवायची जागा तीच असते, त्यामुळे तोंडाचा कर्करोगही नेमका तिथे फार होतो. जिभेवरचा चट्टा रुग्णालाच आरशात दिसतो, हा दिसत नाही.

१० मार्चला दाढ काढली गेली. ज्यांनी काढली त्यांनी हलणारी दाढ काढली, यापलीकडे मी काही म्हणणार नाही. तंबाखू वापरणाऱ्या माणसाची एकच दाढ, बाकीच्या घट्ट असताना, अचानक हलू लागली तर ते स्वतःच एक लक्षण समजायला हवं. ते आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. दाढेची जागा भरलीच नाही. दाढ काढल्यावर दुखणारच, असं म्हणून आणखी चार आठवडे गेले.

पाडव्याला सुनेच्या लक्षात आलं. सासूबाईंनी पुरणपोळी दुधात कुस्करली, दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. रात्री कानात कळ मारते म्हणून त्या उठून बसायच्या, तेही तिने पाहिलं होतं. तिने कागद शोधले, पिशवीत भरले आणि सासूला एसटीत बसवून घेऊन आली. या प्रकरणात निदान कुणी केलं असेल तर या मुलीने. मी त्याला नाव दिलं.

९ एप्रिलला मी गाल ओढून पाहिलं. अडीच सेंटिमीटरची जखम, मधे खोलगट, करडी, कडा वर उचललेल्या. बोट फिरवलं तर कडा चिंचोक्यासारखी टणक लागली. तोंड आलेल्या साध्या जखमेला बोट लावलं की माणूस कळवळतो आणि बोटाला काही लागत नाही. इथे उलट होतं. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, अडीचच गेली. जबड्याखाली डावीकडे करवंदाएवढी गाठ, टणक, थोडी हलणारी.

मावशी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "क्यान्सर हाय का?" त्यांनीच विचारलं. मी म्हणालो, "मावशी, तशी शंका आहे. तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण ही जखम गोळ्यांनी भरणारी नाही, आणि आता थांबायचं नाही." सून बाहेर आल्यावर म्हणाली, "डॉक्टर, त्यांना सांगायला नको होतं." तिची काळजी मला कळत होती. पण ज्या बाईने स्वतः विचारलं तिला खोटं सांगून सहा आठवड्यांच्या उपचाराला कसं पाठवणार? मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आवरून तयार होत्या, हे मला नंतर समजलं.

चिठ्ठीबद्दल एक सांगतो. आमच्या चिठ्ठ्यांवर बहुधा 'पुढील तपासणीसाठी' एवढंच असतं. मी या वेळी लिहिलं: डाव्या गालाच्या खोबणीत तीन महिने न भरलेली जखम, कडा टणक, मानेत गाठ, कर्करोगाची दाट शंका, तातडीने बायोप्सी हवी. खाली माझा फोन नंबर. आणि त्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. १५ तारखेला तुकडा काढला गेला, २२ ला रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग.

आता मोजणी. कर्करोगाच्या निदानाला लागलेला वेळ कसा मोजायचा यावर जगभरचे संशोधक वेगवेगळ्या व्याख्या वापरत होते, त्यामुळे एका अभ्यासाची दुसऱ्याशी तुलनाच होत नव्हती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्हुस निवेदनाने ती वाट सरळ केली. आर्हुस हे डेन्मार्कमधलं शहर. तिथल्या विद्यापीठात जनरल प्रॅक्टिसमधल्या कर्करोगावर मोठं काम झालं आहे. त्या पद्धतीप्रमाणे वेळेचे तुकडे पाडायचे. पहिल्या लक्षणापासून पहिल्यांदा डॉक्टरकडे जाईपर्यंतचा काळ रुग्णाचा. तिथून पुढे पाठवेपर्यंतचा जीपीचा, म्हणजे आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरचा. मग निदानापर्यंतचा, मग उपचार सुरू होईपर्यंतचा.

मावशींचे तुकडे असे पडले. ५ जानेवारी ते १२ फेब्रुवारी, ३८ दिवस. १२ फेब्रुवारी ते ९ एप्रिल, ५६ दिवस. तिथून रिपोर्टपर्यंत १३. रिपोर्टपासून ऑपरेशनपर्यंत २९, कारण ऑपरेशन २१ मे रोजी झालं. एकूण १३६. हे आकडे कागदावर मांडेपर्यंत माझ्याही तोंडी तेच वाक्य होतं जे आम्ही सगळे म्हणतो: 'पेशंट उशिरा येतात.' मावशी उशिरा आल्या, हे खरं आहे. पण चार तुकड्यांतला सर्वांत मोठा माझा होता. फेब्रुवारीत मानेत गाठ होती की नव्हती हे आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण मी मानेला हात लावला नव्हता.

असं इतरांकडेही होतं का? होतं, आणि त्याचा अभ्यास झाला आहे. इंग्लंडमधल्या कर्करोगरुग्णांच्या २०१० च्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून जॉर्जिओस लिराझोपोलस आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: पुढे पाठवेपर्यंत रुग्णाला जीपीकडे किती वेळा जावं लागलं? ७७ टक्के लोकांना एक किंवा दोनदा. उरलेल्यांना तीन किंवा अधिक वेळा. स्तनाच्या कर्करोगात तीनदा जावं लागणारे ७.४ टक्केच, कारण गाठ हाताला लागते आणि सगळ्यांना तिचा अर्थ माहीत असतो. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात मात्र ५०.६ टक्के, कारण तो पाठदुखी आणि थकव्याच्या वेषात येतो. म्हणजे उशीर हा केवळ डॉक्टरच्या हुशारीवर नसतो. लक्षण किती सामान्य दिसतं यावर असतो. 'तोंड आलंय' हे आपल्याकडे पाठदुखीइतकंच सामान्य दिसतं.

याच प्रश्नाची दुसरी बाजू इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या विल्यम हॅमिल्टन यांनी धरली. रुग्णालयात पोचलेल्या रुग्णांवरून काढलेले आकडे जीपीच्या उपयोगाचे नसतात, कारण आमच्याकडे येणारी गर्दी वेगळी असते. त्यांनी जीपींच्या दप्तरातूनच हिशेब मांडला. शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार घेऊन जीपीकडे आलेल्या चाळिशीपुढच्या शंभर माणसांत मोठ्या आतड्याचा कर्करोग साधारण दोघा-तिघांना निघतो, आकडा २.४ टक्के. नुसत्या बद्धकोष्ठतेत अर्ध्या टक्क्याहून कमी. इतक्या कमी शक्यतेत कुणाला पाठवायचं? डॉक्टरांसाठी मार्गदर्शक नियम ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१५ मध्ये ठरवलं की ३ टक्के शक्यता असली तरी तातडीने तपासायचं. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णवांचा रिपोर्ट चांगला येईल हे धरूनच पाठवायचं. त्याच मार्गदर्शनात तोंडाबद्दल एक ओळ आहे: कारण सापडत नसलेली आणि तीन आठवड्यांहून जास्त टिकलेली तोंडातली जखम तातडीने पाठवावी. आपल्याकडे आशाताई तीस वर्षांवरच्यांचा जो फॉर्म भरतात त्यातही तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेचा प्रश्न आहे. नियम माहीत नाही अशी अडचण आमची नाही. तीन आठवडे झाले, हे कळायला आधी पहिला दिवस कुठेतरी लिहिलेला हवा.

इथेच माझं मत सांगतो. पहिल्या भेटीत कर्करोग ओळखता आला नाही हा माझा मोठा गुन्हा मी मानत नाही. दुसऱ्या भेटीला ती दुसरी भेट आहे हे मला कळलं नाही, हा मानतो. डेन्मार्कमध्ये जवळपास प्रत्येक माणसाचा एक ठरलेला जीपी असतो आणि त्याच्याकडे नोंद राहते. आपल्याकडे मावशी मेडिकलमध्ये गेल्या, माझ्याकडे आल्या, दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. प्रत्येकाने आपापल्या दिवसाचा इलाज केला आणि धागा फक्त सुनेच्या कॅरीबॅगेत राहिला. इंग्लंडचे जीपी रॉजर नेबर यांनी १९८७ मध्ये 'सेफ्टी नेटिंग' हा विचार मांडला: माझा अंदाज बरोबर असेल तर काय होईल, चुकला असेल तर मला कसं कळेल, आणि तेव्हा मी काय करीन, हे रुग्ण उठायच्या आत ठरवायचं. 'बरं नाही वाटलं तर या' यात हे तिन्ही येत नाही. बरं नाही वाटलं तर मावशी दुसरीकडे जातात.

ओळखायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत, हे तर आपल्याच देशाने दाखवून दिलं आहे. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात रेंगस्वामी शंकरनारायणन यांच्या चमूने १९९६ पासून तेरा पंचायतींत अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन उजेडात तोंड तपासलं, एवढंच. २००५ मध्ये निष्कर्ष आला की तंबाखू-दारू वापरणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. आणि आमच्या जिल्ह्यातच बार्शी आहे. तिथे १९८७ पासून भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. ग्रामीण भागातला रुग्ण स्वतःहून नोंदीत येत नाही म्हणून ती माणसं गावोगाव गेली, लोकांशी लक्षणांबद्दल बोलली, शंका असलेल्यांना तपासणीला बोलावलं. त्या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लवकरच्या अवस्थेत सापडणारे रुग्ण वाढले. माझ्या दवाखान्यापासून बार्शी तासाभराच्या अंतरावर. हे काम मला वाचून माहीत होतं.

उपचाराचं थोडक्यात सांगतो, कारण तो भाग ज्यांनी केला त्यांनी नीट केला. जबड्याच्या हाडाची वरची कड, गालाचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. एका गाठीत रोग निघाला. तिसरी अवस्था. ऑपरेशनआधी सून मला म्हणाली, "जखम तोंडात आहे, मग मान एवढी का उघडायची?" मी तिला मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा २०१५ चा अभ्यास साध्या शब्दांत सांगितला. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने मानेत गाठ हाताला न लागणाऱ्या, लहान जखमेच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाची मान आधीच साफ केली, दुसऱ्याची गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५. गाठ लागत नसलेल्यांची ही गोष्ट. मावशींची तर लागत होती. ती म्हणाली, "मग करू द्या."

खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाला. ४१ व्या दिवशी किरणोपचार सुरू झाले. आमच्याकडे लोक त्याला शेक म्हणतात. तीस शेक, आठवड्याला पाच. दोघी सहा आठवडे धर्मशाळेत राहिल्या. सुनेचं लहान मूल माहेरी होतं. योजनेत या दिवसांची मजुरी धरलेली नसते.

ऑगस्टच्या मध्यावर मावशी परत आल्या तेव्हा वजन ४७ वरून ३९ वर आलं होतं. तोंड १८ मिलिमीटर उघडत होतं. सोबत सहा पानांचा इंग्रजी डिस्चार्ज कागद. त्यात ऑपरेशनचा टाका न् टाका होता. गावातल्या डॉक्टरने काय बघायचं याची एक ओळ नव्हती. इतका चांगला उपचार करणाऱ्यांनी ती ओळ लिहिली असती तर किती बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. दोन महिन्यांनी दाखवायला या, असं तोंडी सांगितलं होतं. दोन दाखवण्यांच्या मधले साठ दिवस कुणाचे?

ते मी माझे धरले. रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं आणि माझ्या रजिस्टरमध्ये मावशींचं स्वतंत्र पान केलं. महिन्यातून एकदा यायचं. वजन. तोंड किती उघडतं. दोन्ही गाल ओढून पाहायचे, फक्त डावा नाही. मानेच्या दोन्ही बाजू बोटांनी चाचपायच्या. परत उद्भवणारा रोग बहुतेक पहिल्या दोन वर्षांत उद्भवतो, त्यामुळे पहिल्या वर्षी एकही महिना चुकवायचा नाही.

तोंड उघडायचा व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या आणि दर आठवड्याला जमेल तशी एक वाढवायची. मावशींनी काड्या लुगड्याच्या काठाच्या चिंधीने बांधून ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये अकरा काड्या जात होत्या. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं. "बास झालं आता," असं त्या मला म्हणायच्या आणि सुनेसमोर पुन्हा करायच्या.

दिवाळीत मला मिश्रीचा वास आला. मी विचारलं तर मान खाली घालून म्हणाल्या, "उजव्या अंगाला लावते. डाव्या न्हाई." त्यांच्या दृष्टीने त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं होतं. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चढतं, हे सगळं खरं होतं. चव्वेचाळीस वर्षांची सवय शेकाने जळत नाही. रागावून उपयोग नव्हता. सुनेने १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्ती हेल्पलाइनला फोन लावून सासूच्या कानाला धरला. शेकानंतर तोंड कोरडं असतं आणि उघडतही नाही, त्यामुळे निकोटिनची गोळी चघळणं त्यांना जमणारं नव्हतं. दंडावर लावायची पट्टी दिली, पोटासाठी इसबगोल. डबी सुटायला मार्च उजाडला. मधे दोनदा पुन्हा धरली होती. ती दोन्ही वेळा त्यांनी स्वतःहून सांगितलं, म्हणून मी हे काम जमलं असं मानतो.

फेब्रुवारीची रुग्णालयातली तारीख चुकली. ज्वारी काढणीला आली होती. मी रागावलो नाही, त्या दिवशी मीच सविस्तर तपासलं, फोनवरून कळवलं आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख घेतली. रेल्वेत कर्करोगाच्या उपचाराला जाणाऱ्या रुग्णाचं स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि एसटीतही सवलत आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मेमध्ये त्या थकल्या. दिवसभर झोप, पायांवर सूज, बोलणं जड. घरचे म्हणाले, आजाराने खंगल्या. शेजारी म्हणाले, उलटला असेल. मानेवर शेक घेतलेल्यांची थायरॉइड ग्रंथी महिन्या-वर्षांनी मंदावते, आणि म्हणून सहा ते बारा महिन्यांनी रक्तातलं टीएसएच तपासायचं असतं; ग्रंथी मंदावली की ते वाढतं. माझ्या पानावर ते लिहिलेलं होतं. टीएसएच १८ आलं. रोज सकाळची एक छोटी गोळी, आणि दोन महिन्यांत मावशी पुन्हा शेताच्या बांधावर.

एक मोठा धोका निव्वळ योगायोगाने टळला. गावात दातांचं मोफत शिबिर होतं आणि मावशींची खालची एक दाढ किडलेली होती. त्या रांगेत उभ्या होत्या, तेवढ्यात सुनेने मला फोन केला. शेक बसलेल्या जबड्यातली दाढ अशी उपटली तर जखम भरत नाही, हाड सडू लागतं. मी तिला सांगितलं, रांगेतून बाहेर काढा, आधी रुग्णालयाला विचारायचं. त्या दिवसापासून मावशींच्या कागदांच्या पिशवीवर मी मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: 'मानेला व जबड्याला किरणोपचार झाले आहेत. विचारल्याशिवाय दात काढू नये.'

ऑक्टोबरमध्ये उजव्या गालाच्या आत नखाएवढा पांढरा चट्टा दिसला. पुसून जाईना. चार दिवसांत त्यांना पाठवलं, तो काढला गेला, पेशींत सुरुवातीचे बदल होते, कर्करोग नव्हता. तंबाखूने एक जागा बिघडत नाही, सगळं तोंडच बिघडलेलं असतं. रुग्णालयाने डावी बाजू सांभाळायची आणि मी फक्त वजन करायचं असं वाटून घेता येत नाही.

माझ्या दवाखान्यात त्या एप्रिलनंतर एक जाड वही आहे. न भरणारी जखम, न जाणारा खोकला, कारण नसताना घटणारं वजन, चाळिशीनंतर शौचावाटे रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, असं काहीही आलं की त्या दिवशीची तारीख, फोन नंबर आणि परत पाहायची तारीख. तोंडाच्या जखमेला मी चौदा दिवस देतो. शनिवारी दुपारी दवाखान्यातली मुलगी वही घेऊन बसते आणि जे आले नाहीत त्यांना फोन लावते. केसपेपरची एक प्रत आता आमच्याकडे राहते.

गेल्या महिन्यात मावशी ठरल्या दिवशी आल्या. काड्या सोळा जातात. सोबत त्यांची जाऊ होती, तीही मिश्रीवाली, तोंडात जखम. मी टॉर्च उचलला तर मावशी म्हणाल्या, "नुसता उजेड मारून न्हाई दिसत डाक्टर. गाल वढून बघा तिचा."

गाल ओढून पाहिला. तुटक्या दाढेची धार गालाला लागत होती, कडा मऊ होत्या, मान मोकळी होती. धार घासून घ्यायला पाठवलं आणि वहीत तारीख घातली. चौदाव्या दिवशी दोघी परत आल्या. जखम भरली होती. वहीतल्या त्या ओळीवर मी रेघ मारली आणि मावशींच्या जाऊबाईंना विचारलं, मिश्रीची डबी कुठे आहे. त्यांनी कनवटीला हात घातला.